चौघींचं पदक

भाज्याची रुपाली पहिल्यांदा वेलोड्रोमवर गेली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि ट्रॅकची सायकल थांबवायची कशी हेच तिला माहीत नव्हतं. त्या सायकलला ब्रेक नसतात. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरत राहतं आणि पॅडल फिरतंय तोवर पायांना सुट्टी नसते. बालेवाडीच्या त्या सिमेंटच्या लंबगोल ट्रॅकवर, वळणावर भिंतीसारखा अंगावर येणारा तो उतार बघत तिनं चार फेऱ्या मारल्या, आणि मग थांबता येईना म्हणून आणखी तीन. आतल्या गवतावर उभे असलेले हौशीराम सर हसत होते.

"दमलीस की आपोआप थांबशील," ते म्हणाले.

हौशीराम सर तिकोणा पेठेचे. फौजेत असताना फौजेच्या संघातून सायकल चालवलेली. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी मावळातल्या मुली गोळा करायला घेतल्या. रुपाली त्यांना जुन्या हायवेवर सापडली. मळवलीहून लोणावळ्याच्या कॉलेजला ती वडिलांच्या जुन्या सायकलवरून जायची. वडील रेल्वेत ट्रॅकमन, आई अनिता शनिवार-रविवारी भाज्याच्या लेण्यांखाली ताक-सरबताची टपरी लावायची. कार्ला फाट्यापासून सर स्कूटरवर तिच्या मागे मागे राहिले, कॉलेजच्या दारात तिला गाठलं आणि विचारलं, "रोज एवढ्याच जोरात जातेस?" ती घाबरून म्हणाली, "उशीर झालाय सर."

पुढची सात वर्षं ती सायकल चालवत राहिली. पदवी झाली, तळेगावच्या एमआयडीसीत वायरिंगच्या कंपनीत नोकरी लागली, तरी सकाळी जुना हायवे, रविवारी बालेवाडी हे सुटलं नाही. कंपनीत तिनं कायमची दुसरी पाळी मागून घेतली होती, सकाळ मोकळी मिळावी म्हणून. एकटीच्या शर्यतीत ती कधी पहिल्या पाचांत आली नाही. तिचा जीव रमला तो टीम परसूटमध्ये.

टीम परसूट म्हणजे चौघींचं काम. दोन संघ ट्रॅकच्या दोन समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात. चार किलोमीटर, बालेवाडीला बारा फेऱ्या. चौघी एकीमागे एक, पुढचीच्या मागच्या चाकापासून आपलं पुढचं चाक वीतभर अंतरावर. पुढची वारा अंगावर घेते; एक फेरी झाली की ती उतारावर वर सरकते, तिघींना खालून जाऊ देते आणि शेपटाला येऊन चिकटते. शेवटी एक जण गळून मागे राहिली तरी चालतं. वेळ धरली जाते ती तिसरीचं पुढचं चाक रेषेवर येईल तेव्हा.

"पहिलीचा फोटो छापतात," सर म्हणायचे, "पण घड्याळ तिसरीसाठी थांबतं."

तिसरी म्हणजे रुपाली. तिच्याकडे झेप नव्हती, पण ती चाक सोडत नसे. पुढची कितीही पळाली तरी हिचं वीतभर अंतर दोन वीत होत नसे.

संघात मावळातल्याच तिघी होत्या. कुसगावची पिंकी सुरुवातीला झटका द्यायला, तिकोणा पेठेची सारिका सगळ्यांत ताकदवान, आणि रुपाली. चौथी प्रतीक्षा पुण्याची. पहिल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत त्या सातव्या आल्या. दुसऱ्या वर्षी पिंकीची चेन तुटली. तिसऱ्या वर्षी पाऊण सेकंदानं कांस्य गेलं, आणि सारिका ट्रॅकच्या मधल्या गवतावर पालथी पडून राहिली ती अर्धा तास उठली नाही. चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, स्पर्धा बालेवाडीलाच होती. चौघींनाही माहीत होतं की हे शेवटचं. प्रतीक्षाचं लग्न ठरलं होतं, पिंकीची गुडघेदुखी वाढली होती, आणि सारिका वनरक्षकाच्या भरतीत बसली होती. खेळाडूंसाठीच्या जागांत राष्ट्रीय पदक असलं तर तिचं नाव नक्की लागणार होतं.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी, रविवारी दुपारी, रुपाली आईला डबा द्यायला लेण्यांखाली गेली. वर पायऱ्यांवर कुणीतरी पर्यटकांनी धूर केला, की कड्यावरच्या पोळ्याला दगड मारला, ते नंतरही कळलं नाही. आधी माणसं पळत खाली आली, मग आवाज आला. आग्या मोहोळाच्या माश्या. अनिता गुडघ्यानं अधू, तिला पळता येईना. रुपालीनं टपरीवरचं ताडपत्रीचं कापड ओढून आईच्या अंगावर टाकलं आणि वरून स्वतः पालथी पडली.

माश्या उठल्या तेव्हा तिच्या मानेवर, डोक्यात, हातांवर चाळीसेक काटे होते. पहिल्यांदा नुसती आग झाली. मग ओठ सुजले, जीभ जड झाली, आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"आई, मला दिसंना," ती म्हणाली.

चुलतभाऊ गौरवनं तिला मोटरसायकलवर मधे घेतलं, मागं अनिता तिला धरून बसली. कामशेत नाही, लोणावळा नाही, तेवढा वेळच नव्हता. मळवली स्टेशनजवळ डॉक्टर सुहास देशमानेंचा दवाखाना होता, तिथं नेलं. डॉक्टरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं, बाकावरच्या दोघांना उठवलं, तिला आडवं केलं आणि कपाटातून काढून एकामागून एक दोन सुया दिल्या. वीस मिनिटं ते तिच्या मनगटावर बोट ठेवून उभे होते. तेवढ्यात शिट्टी थांबली. संध्याकाळी ती चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सरांना कळलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "सुई कसली दिली?"

"अ‍ॅलर्जीची."

"नाव विचार."

तिनं दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर पेशंट तपासतायत. मग आतून विचारून येऊन म्हणाला, "अ‍ॅलर्जीचंच होतं, काळजी करू नका म्हणाले." तिनं तेच सरांना सांगितलं. सरांनी तिचा चेहरा पाहिला. सूज उतरली होती. त्यांनी विषय तिथंच सोडला. ही गोष्ट नंतर दोघांनाही छळत राहिली, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात बारा फेऱ्यांशिवाय काही नव्हतं.

बुधवारी सकाळी पात्रता फेरीत त्या चौथ्या आल्या, म्हणजे दुपारी कांस्यपदकाची शर्यत. समोर केरळच्या मुली. पिंकीनं सुरुवातीलाच असा झटका दिला की तिसऱ्या फेरीपर्यंत त्या पाऊण सेकंद पुढे होत्या. आठव्या फेरीला पिंकी वर सरकली ती खाली आलीच नाही. गुडघ्यानं दगा दिला होता. आता तिघी. तिघींतली एकही मागे पडून चालणार नव्हतं. दहाव्या फेरीला केरळच्या मुली बरोबरीत आल्या. सर ट्रॅकच्या कडेला उभे राहून दर फेरीला हातानं खूण करत होते, आणि ती खूण वाईट होती.

शेवटच्या फेरीला सारिका पुढे होती. ती इतकी सुटली की प्रतीक्षाचं चाक तिच्यापासून तुटलं, आणि त्या फटीत वारा शिरला. रुपाली प्रतीक्षाच्या मागं. तिला कळलं की प्रतीक्षा ही फट भरू शकणार नाही. तिनं प्रतीक्षाच्या बाहेरून सायकल काढली, वळणावर वरच्या अंगानं, जे कधी करायचं नसतं, आणि वारा अंगावर घेऊन प्रतीक्षाला आपल्या मागं ओढलं. तिघींची चाकं रेषेवर जवळजवळ एकदम आली. फलकावर आकडे लागले तेव्हा तीन दशांश सेकंदाचा फरक होता.

सारिकानं तिला सायकलसकट मिठी मारली. पिंकी रडत लंगडत आली. सरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि तशीच धरून उभे राहिले. पदकं गळ्यात पडली, फोटो झाले, आणि नंतर एका अधिकारी बाईंनी रुपालीला बाजूला बोलावलं. चिठ्ठीत तिचा नंबर निघाला होता. लघवीचा नमुना द्यायचा होता. फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची जागा होती. तिनं लिहिलं, "मधमाश्या चावल्यामुळे अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन." खाली सही केली.

*

एप्रिलच्या मध्यात उत्तेजक चाचणीवाल्यांचा ई-मेल आला. रुपालीनं तो कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचला, आणि नीट कळला नाही म्हणून परत वाचला. तिच्या नमुन्यात डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड सापडलं होतं. सुईनं घेतलेलं ते औषध स्पर्धेच्या दिवशी अंगात असायला बंदी होती. तिला तात्पुरतं निलंबित केलं होतं. उत्तर द्यायला वीस दिवस.

सरांनी तो मेल छापून घेतला, चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत वाचला आणि एका जागी थांबले. "हे बघ. जिवावरचा प्रसंग असेल तर औषध आधी घेऊन परवानगी नंतर मागता येते. कुठला त्रास झाला, कधी, कुठली सुई, किती दिली, हे डॉक्टरच्या सहीशिक्क्यानं पाहिजे. एवढा एक कागद दिला की मिटलं."

"आणि नाही दिला तर?"

सरांनी चष्मा काढला. "वेळ तुझ्या एकटीची नाही लागली तिथं. गेलं तर चौघींचं जाईल."

ती तशीच दवाखान्यात गेली. बाहेर बाकावर चार पेशंट होते, ती पाचवी बसली. नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी आधी तिची मान पाहिली, डाग गेले का म्हणून. मग तिनं कागद पुढं केला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"डेक्साच दिलं होतं मी," ते म्हणाले. "दोन एमएल. नसतं दिलं तर तू त्या बाकावरच गेली असतीस."

"मग डॉक्टर, तेवढंच लिहून द्या."

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांनी भिंतीवर टांगलेल्या पदवीकडे बोट केलं.

"वाचता येतंय? होमिओपॅथी. मला गोळ्या द्यायचा परवाना आहे, साखरेच्या. ती सुई टोचायचा नाही. वर्षाचा एक कोर्स असतो, तो केला असता तर चाललं असतं. पंचवीस वर्षं झाली दवाखान्याला; तो कोर्स निघाल्यापासून आज करू, उद्या करू. मागल्या वर्षी तपासणीला आले होते. इथं इंजेक्शन ठेवणार नाही असं माझ्याकडनं लेखी घेऊन गेलेत."

"पण तुम्ही माझा जीव वाचवला."

"हो. आणि तेच लिहून दिलं तर तो माझ्या हातचा कबुलीजबाब होतो."

डॉक्टर वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं. ते तिच्या बारशाला आलेले होते. मळवली, भाजे, पाटण, या सगळ्या गावांना साप चावो, ताप येवो, पहिलं दार त्यांचं.

"मी विचार करतो," ते शेवटी म्हणाले. "परवा ये."

परवा त्यांनी एक कागद दिला. लेटरहेडवर चार ओळी होत्या. अमुक तारखेस सदर पेशंट मधमाशांच्या दंशामुळे अंगास सूज व श्वसनास त्रास अशा अवस्थेत आली होती, प्राथमिक उपचार करण्यात आले. खाली सही. सुईचं नाव कुठं नव्हतं.

"एवढ्यावर भागव, पोरी," ते म्हणाले. "याच्या पुढं माझ्या हातात नाही."

तिनं लोणावळ्याच्या एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मी पाहिलंच नाही ते कसं लिहू. कंपनीतल्या एका मुलानं सांगितलं की पैसे दिले तर मागल्या तारखेचा कागद करून देणारा माणूस आहे. तिनं हे सरांच्या कानावर घातलं. सर एवढंच म्हणाले, "खरं असून खोटा कागद जोडायचा?" आणि उठून आत गेले. तीही गेली नाही त्या माणसाकडे. चार ओळींचाच कागद पाठवला.

*

मे महिन्यात सारिका आणि प्रतीक्षा भाज्याला आल्या. अनितानं चहा केला. सारिका चहाला हात न लावता बोलली.

"तू त्याच्यावर तक्रार कर. तक्रार झाली की चौकशी व्हईल, चौकशीत त्याला सांगावंच लागंल काय दिलं ते. माझा भाऊ समर्थ म्हणतो, अर्ज तो लिहून देतो, तू नुसती सही कर."

"दवाखाना बंद होईल त्यांचा."

"व्हऊ दे की. परवाना न्हाई तर सुया टोचतो कशाला?"

"नसती टोचली तर मी मेले असते, सारिका."

प्रतीक्षानं मधे पडून विचारलं, "पण तक्रार केली तर पदक राहील का?"

"सर म्हणतात, चौकशीला वर्ष लागतं. सुनावणी जुलैत आहे. सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई म्हणून करायचंच न्हाई व्हय?" सारिका म्हणाली. "माझी पडताळणी आली तोंडावर. तुला नोकरी हाय. मला काय हाय?"

त्या गेल्यावर अनिता भांडी उचलत म्हणाली, "ती बोलली त्यात खोटं काय न्हाई."

"मग करू तक्रार?"

"मी कुटं म्हनलं कर म्हणून." अनिता तशीच भांडी हातात धरून उभी राहिली. "मला काय कळतंय त्यातलं. तू माझ्या अंगावर पडली नसतीस तर हे काय झालंच नसतं. मला तेवढंच कळतंय."

रुपालीनं समर्थला फोन केला नाही. करणार नाही असंही कुणाला सांगितलं नाही. दिवस तसेच जाऊ दिले. निलंबन होतं म्हणून संघाबरोबर सराव बंद होता. सकाळी ती एकटीच जुन्या हायवेवर जायची, पुढं कुणाचं चाक नसायचं, आणि मन कुठं लावावं ते कळायचं नाही.

सुनावणी मोबाईलवर झाली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि घरात रेंज येईना, म्हणून ती स्टेशनच्या पुलावर छत्री धरून उभी राहिली. सर शेजारी. पडद्यावर तिघं जण होते, मधल्या बाई सभ्यपणे बोलत होत्या.

"तुमच्यावर आमचा अविश्वास नाही. मधमाश्या चावल्या, हे आम्ही मानतो. फॉर्मवर तुम्ही इंजेक्शनचा उल्लेखही केलात. पण या कागदात औषधाचं नाव नाही, मात्रा नाही. हे डॉक्टर साक्षीला येतील का?"

"नाही येणार, मॅडम."

"का?"

रुपालीनं सरांकडं पाहिलं. सर खाली रुळांकडं बघत होते.

"त्यांना अडचण आहे," ती म्हणाली.

"ते इंजेक्शन त्यांनीच दिलं, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

ती "हो," म्हणाली.

मग खालून मालगाडी गेली आणि पुढची दोन मिनिटं तिला काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावर तोंडं हलत होती. गाडी संपली तेव्हा बाई "धन्यवाद" म्हणत होत्या.

निकाल ऑगस्टच्या शेवटी आला. तिचा हेतू फसवण्याचा नव्हता हे समितीनं मान्य केलं होतं. म्हणून बंदी फक्त नऊ महिन्यांची, तीही स्पर्धेच्या दिवसापासून धरलेली. पण औषधाला परवानगी नव्हती, त्यामुळे त्या दिवशीचा निकाल रद्द. संघाचाही. चौघींनी पदकं आणि प्रमाणपत्रं संघटनेकडे परत करावीत.

*

सारिकाला पत्रातून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून रुपाली दुसऱ्याच दिवशी सायकल घेऊन निघाली. दुधिवरे खिंडीतून खाली उतरून पवनेच्या काठानं तिकोणा पेठेला. सारिका परसात भात कांडपाला काढत होती. रुपालीला बघून ती उठली नाही.

"गेलं ना?" तिनं विचारलं.

"गेलं."

"परवा यादी लागली. माझ्या नावाच्या पुढं 'प्रमाणपत्र प्रलंबित'. आता अवैध लिवतील."

रुपाली ओट्यावर बसली. खिंडीतून येताना बरीच वाक्यं तयार केली होती.

सारिका आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. आत पदक होतं, रिबन नीट गुंडाळलेली, आणि प्रमाणपत्र, पुठ्ठ्यात घालून. "तूच देऊन ये. मला जमायचं न्हाई."

"सारिका, मी..."

"तुझा राग येत न्हाई मला. लय प्रयत्न केला." सारिका पाठमोरी होऊन सुपात हात घालत म्हणाली. "राग आला असता तर निदान भांडले तरी असते. आता कुणाशी भांडू? माशीशी?"

थोड्या वेळानं तिनं चहा विचारला. रुपाली नको म्हणाली. दोघींनाही ते बरं वाटलं.

पिंकीनं आपलं पदक कुसगावहून आईबरोबर पाठवलं. प्रतीक्षानं कुरिअर केलं. चौघींची पदकं रुपालीनं एका खोक्यात घालून संघटनेच्या ऑफिसात दिली. तिथल्या माणसानं मोजून घेतली आणि पोच दिली.

दिवाळीच्या आधी सुहास देशमानेंच्या दवाखान्यावर तपासणी आली. जीपमधून चौघं उतरले, थेट कपाट उघडलं, सुयांचे डबे आणि बाटल्या जप्त केल्या. कुणाचा तरी अर्ज होता म्हणे. दाराला सील लागलं. आठवड्यात बातमी आली की गुन्हाही दाखल झाला.

भाज्यात, मळवलीत, सगळ्यांना अर्ज कुणाचा ते ठाऊक होतं. रुपालीचा. तिची भानगड सगळ्यांनी ऐकली होती. पदक गेलं, मग हिनं सूड घेतला. किराणा दुकानात एक म्हातारी अनिताला तोंडावर म्हणाली, "जीव वाचवला त्याचे हे पांग फेडले पोरीनं." अनिता तिथून पिशवी न घेताच आली. गौरवनं दोन-तीन ठिकाणी सांगून पाहिलं की रुपालीनं काही केलेलं नाही. लोक ऐकून घ्यायचे, आणि तो वळला की एकमेकांकडं बघायचे.

रुपालीला खरंच माहीत नव्हतं कुणी केलं. समर्थ असेल. सुनावणीतल्या कुणी तिचं ते "हो" पुढं कळवलं असेल. किंवा लोणावळ्यातला एखादा धंदेवाला डॉक्टर. तिनं सारिकाला फोन करून विचारलं. सारिका म्हणाली, "मला म्हाईत न्हाई. समर्थला इचारलं तर तो हसला नुसता." त्यातून काय घ्यायचं, हे तिला ठरवता आलं नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी ती सायकलवरून परतत होती. मळवलीच्या रस्त्यावर दवाखान्यासमोर टेम्पो उभा होता. सील काढून दिलं होतं, सामान हलवायला. डॉक्टर आणि टेम्पोवाला टेबल चढवत होते. ती थांबली. तशीच पुढं जावं असं एकदा वाटलं होतं.

"डॉक्टर, कुठं चाललाय?"

"चाकणला. मेव्हण्याचं मेडिकल आहे, तिथं बसायचं." त्यांनी घाम पुसला. तिच्याकडं नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच तिला सहन होईना.

"डॉक्टर, तो अर्ज मी नाही केला."

त्यांनी मान हलवली. लहान मुलानं मी नाही सांडलं म्हटल्यावर मोठं माणूस हलवतं तशी.

"असू दे गं. केला असतास तरी मी काही म्हणालो नसतो. तुझंही नुकसान झालंच की. तू केलंस ते बरोबरच होतं."

"पण मी नाही केला."

"बरं, बरं," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती आणखी एकदा सांगणार होती. कुणाची शपथ घ्यावी, कुणाचं नाव घ्यावं, काय म्हटलं की खरं वाटेल, हे तिच्या तोंडात येईना. आतमध्ये ते जुनं लोखंडी कपाट उरलं होतं, रिकामं, तरी दोघांना न उचलवणारं. टेम्पोवाला म्हणाला, आणखी एक हात पाहिजे. रुपालीनं सायकल भिंतीला टेकवली, आत गेली आणि कपाटाची खालची कड धरली.

"सांभाळून," डॉक्टर म्हणाले. "बोट चेमटेल."

तिघांनी कपाट उंबऱ्यावरून बाहेर काढलं.